पौर्णमी स्टुडिओ सुनेच्या नावे

मी, मा. तिरुवेंगडम, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, निवृत्त तमिळ शिक्षक, राहणार वत्तलगुंडू, जिल्हा दिंडुक्कल, दृष्टी मंद परंतु बुद्धी शाबूत असताना, कोणाच्याही धाकाने वा लाडीगोडीने नव्हे तर स्वखुशीने हे मृत्युपत्र करीत आहे. प्रत्येक वाक्य मी स्वतः तपासले आहे. वकिलांनी त्यात स्वल्पविरामाचीही भर घालू नये.

कलम १. राहते घर व बँकेतील ठेव माझा एकुलता एक मुलगा इळंगोवन आणि सून पूंगोदै या उभयतांची समाईक राहील.

कलम २. बसस्थानकासमोरील पौर्णमी स्टुडिओ, संगणक व फ्लेक्स छापण्याच्या यंत्रासह, एकट्या पूंगोदैच्या मालकीचा होईल. तो विकून मोबाइलचे दुकान काढण्याचा इळंगोवनचा मनसुबा मला ठाऊक आहे. म्हणून कारणे नोंदवितो.

आमच्या फलकांचा मजकूर मी लिहितो, सजावट पूंगोदै करते. नवरीमागे चंद्र आणि बाळाभोवती मोरपिसे कोणीही चिकटवतो. पूंगोदै आधी चेहऱ्यावर उजेड कोणत्या बाजूने पडला आहे ते पाहते आणि चंद्र त्याच बाजूला टांगते. वाक्यात मी ज्याला अन्वय म्हणतो, तो तिच्या चित्रांत उजेडाला असतो.

केळ्यांचे व्यापारी पेच्चिमुत्तू, ज्यांना सारे ताता म्हणजे आजोबा म्हणतात, यांच्या नातीच्या लग्नाचा फलक करावयाचा होता. फलकाच्या माथ्यावर ढगांत केवळ दिवंगत वडीलधारे बसतात. पूंगोदै माहेरी गेली असता इळंगोवनने, तेथे जागा उरली म्हणून, हयात पेच्चिमुत्तूंनाच ढगांत बसविले. वर तेजोवलयही दिले. फलक लागताच एक शेजारी हार घेऊन त्यांच्या दारी सांत्वनास गेला. पेच्चिमुत्तू तडक स्टुडिओत आले.

"मास्तर, मला वर धाडायचंच होतं, तर निदान नातीच्या लग्नाचं जेवून तरी जाऊ द्यायचं!"

"पण ताता, ढगांत तुम्ही तरुण दिसता," इळंगोवन म्हणाला.

"मग तुझ्या बापाला बसव तिथं!"

इतक्यात पूंगोदै बसमधून उतरली आणि पिशवी खांद्यावर ठेवूनच संगणकापुढे बसली. तिने ढग पुसले नाहीत. ते गुडघ्यांपर्यंत खाली आणले, मागे डोंगर उभा केला. ढगांचे कोडैकानलचे धुके झाले. तेजोवलयाचा उगवता सूर्य केला. म्हाताऱ्याच्या खांद्यावर लोकरीची शाल घातली आणि शेवटी पायांपाशी एक लांब सावली पाडली.

"ताता, मेलेल्यांची सावली पडत नाही. आता उतरलात तुम्ही खाली."

पेच्चिमुत्तू पडद्याजवळ वाकले. "पोरी, शाल झकास आहे. कुठं मिळते?"

मुहूर्तापूर्वी नवा फलक लागला. त्याच्याखाली उभे राहून त्यांनी पाहुण्यांचे स्वागत केले.

कलम ३. माझ्या निधनाचा फलक पूंगोदैनेच करावा. सुरकुत्या पुसू नयेत. त्या मी कमावलेल्या आहेत.

कलम ४. समोरच्या छपाईवाल्याने पूंगोदैची मोरपिसे चोरली आणि माझा मजकूर चोरून त्यात चुका घातल्या. चोरी क्षम्य आहे. चुकांसाठी त्यास माझे व्याकरणाचे पुस्तक द्यावे.

कलम ५. कॅमेरा व सर्व भिंगे इळंगोवनला मिळतील. फोटो तो उत्तम काढतो, हे मी त्याला कधी तोंडावर सांगितलेले नाही. येथे लिहून ठेवतो.

हा मसुदा मी उभयतांना वाचून दाखविला.

पूंगोदै म्हणाली, "मामा, दुकान माझ्या नावावर केलंत तर हे घरात जेवायचे नाहीत."

"तेवढा भात वाचेल," मी म्हणालो.

इळंगोवन म्हणाला, "अप्पा, म्हणजे मी बायकोच्या हाताखाली काम करू?"

"मी करतोच आहे. ती म्हणते, 'मामा, दोन ओळी काढा, चेहऱ्याला जागा हवी.' मी काढतो."

माझ्या ओळी! इळंगोवनने कॅमेऱ्याची पिशवी उचलली. मग त्याने पूंगोदैला विचारले, "उद्या बोडी गावच्या लग्नाला किती वाजता निघायचं?"

हा प्रश्न मी त्याची संमती समजतो आणि खाली सही करतो.

(सही) मा. तिरुवेंगडम

साक्षीदार, आमच्या समक्ष सही झाली:
१. रा. शेम्बियन, औषधविक्रेते
२. सौ. व. तिलकवती, निवृत्त मुख्याध्यापिका

स्थळ: वत्तलगुंडू
दिनांक: २४ जानेवारी २०१९