एकोणीस एकांची संख्या

आप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मी अजून तिच्यावर जळते. ती म्हणजे तुमची ती संख्या, एकापुढं एक असे एकोणीस एक मांडलेली. चिंचोळीच्या कारखान्यात चहा पिताना कुणा इंजिनिअरनं तुम्हाला सांगितलं की हिला एक आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग जात नाही. झालं, तुमचे रविवार तिच्या नावावर गेले. जेवणं उरकली की स्वयंपाकघरातल्या शहाबादी फरशीवर तुम्ही खडूनं भागाकार मांडायचात. "इंजिनिअर सांगितला म्हनून मानायचं व्हय? बगायला पायजे की," म्हणायचात. बाकी उरली की तुमचा चेहरा खुलायचा. माझा शाळेत पहिला नंबर आला तेव्हा तो इतका खुलला नव्हता. आई फरशी पुसायचं फडकं हातात धरून बसलेली. "सवत हाय माजी. नटत न्हाय, मुरडत न्हाय, तरी ह्यांची नजर हलत न्हाय," म्हणायची नि हसायची. मला हसू यायचं नाही.

गड्ड्याच्या जत्रेचा तो रविवार. नवा फ्रॉक घालून मी दारात उभी आहे, आणि तुम्ही उकिडवे बसून, मान वर न करता म्हणता, "एकशे त्रेसष्टनं बगतो, मग जाऊ." दुपारपासून प्रत्येक आकड्याला हेच. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी सरळ पुढं आले नि शेवटच्या एकावर टाच फिरवली. वाटलं, आता मार बसणार. तुम्ही त्या पुसलेल्या जागेवर बोट ठेवलंत. "एक पुसलीस की गं. अठराच राहिले. आता हिला तीन भागतो, सात भागतो, अकराबी भागतो. कुनीबी यावं नि भागावं." तुमचा आवाज दाटला होता. माझ्यासाठी तो कधी दाटल्याचं मला आठवत नव्हतं, म्हणून मी आणखीच जळले. मग तुम्हीच सगळी फरशी पुसलीत, मला जत्रेला नेलंत, पाळण्यात शेजारी बसलात. पुन्हा कधी तिला मांडलं नाहीत. जिंकले मीच म्हणायची, पण पाळणा वर गेल्यावरही तुमचं बोट गुडघ्यावर काहीतरी लिहीत होतं.

परवा लेकीच्या मोबाइलवर मी तुमची ती संख्या घातली. मनापासून वाटत होतं, कशानं तरी भागू दे, एकदा तरी साधी निघू दे. क्षणात उत्तर आलं, मूळ संख्या. इंजिनिअर खरं बोलला होता. लेक म्हणाली, "हातानं खात्री करायची तर अब्जाच्या पुढं जावं लागतंय, मम्मी. आजोबांना शंभर जन्म पुरले नसते." तुम्हाला ते ठाऊक असणार. तरी तिच्यापाशी बसायचात, याचाच जास्त राग येतो.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, म्हणून कागदाच्या मागच्या बाजूला एकोणीस एक मांडले. मोबाइलनं सांगितलंय, तरी. तुमच्या हातून अर्धवट राहिलेल्या एकशे त्रेसष्टनं बघितलं. बाकी उरली, आणि आप्पा, मला बरं वाटलं.