पूजेला मांडलेलं विमान

प्रिय पुष्कर,

रोज फोनवर बोलणारी आई एकाएकी पत्र काय लिहायला लागली म्हणून हसशील. हस. पण फोन आला की तुझे बाबा स्पीकर लावून शेजारी बसतात, आणि माझं व्हॉट्सअ‍ॅप तर माझ्याआधी तेच वाचतात. आत्ता ते गोल बाजारात गेले आहेत. तिथे ओळखीचं कुणी भेटल्याशिवाय ते परतत नाहीत, तेवढ्या वेळात लिहून घेते. मीनलला दाखवलंस तरी चालेल, गंधालीच्या हाती मात्र पडू देऊ नकोस.

काळजी तिचीच लागली आहे मला. दिवाळीला तुम्ही येणार, आणि आबांनी नातीला कबूल करून टाकलंय की भाऊबीजेच्या सकाळी मैदानावर नेऊन तिच्याच हातून ते रिमोटचं विमान उडवायचं. इंदूरला राहून पोरीचं मराठी पातळ झालंय, व्हिडिओ कॉलवर ती 'आबा, मैं ही पकड़ूँगी, मैं ही छोड़ूँगी' म्हणून नाचते आणि हे इकडे मान डोलावतात. मी मागे उभी राहून हसते. फोन बंद झाला की दिवाळीला किती दिवस उरले ते मोजत बसते.

तुला वाटेल, बोटांना लागलं म्हणून आई धसका घेऊन बसली. बोटं बरी आहेत रे. टाके निघाले, करंगळीचं नख गेलं ते येईल, अनामिका अजून पुरती वाकत नाही. पेन धरायला वरची तीन बोटं पुरतात, अक्षरावरून दिसतंच असेल. पोळ्या लाटताना हात दुखतो, तर सध्या बाबा कणीक मळून देतात. पहिल्या दिवशी ती कणीक पाहून मला रडावं की हसावं कळेना.

या विमानांचं मला कधी वावडं नव्हतं, हे तुला माहीत आहे. जन्म रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीत गेलेला माणूस, रिटायर झाल्यावर घरात नुसता येरझारा घालत होता, डब्यांची झाकणं घट्ट बसतात की नाही तेवढंच बघत. मग कॉलनीतला तो चष्म्याच्या दुकानाचा यशदीप त्यांना भनपुरीच्या पलीकडच्या मोकळ्या मैदानावर घेऊन गेला आणि आपल्या घराला शांतता लाभली. रविवारी पहाटे पंख, बॅटऱ्या, रिमोट, पाण्याची बाटली असं विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर घेऊन हे निघणार आणि नऊला तापलेले, खूश होऊन परत येणार. मीही दोनतीनदा गेले. ते पिवळं विमान वर गेलं की हे तोंड उघडं टाकून पाहत राहतात, तू लहानपणी पतंगाकडे पाहायचास तसं.

यशदीपच्या अंगठ्याच्या पेरावर एक आडवा व्रण आहे. पुढचा पंखा लागलेला. वीतभर लांबीचं प्लास्टिक, हातात घेतलं तर धारही जाणवत नाही, पण मोटारवर फिरायला लागलं की दिसेनासं होतं आणि बोट कापत जातं. त्यामुळे तो फार कडक आहे. घरात विमान ठेवायचं तर पंखा काढून. बॅटरी मैदानावरच जोडायची, तीही विमान मागून कुणी धरल्यावर, आणि पंख्याच्या समोर किंवा बाजूला कुणी उभं राहायचं नाही. 'अंकल, बैटरी लग गई मतलब मोटर जाग गई, फिर भरोसा मत करो,' हे तो प्रत्येक रविवारी सांगतो. तुझे बाबा हव, हव म्हणतात. पालथ्या घड्यावर पाणी म्हणायचं, तर तसंही नाही. मैदानावर ते सगळं नीट पाळतात, इतरांनाही दरडावतात. चुकले ते घरात, आणि तेही देवासमोर.

दसऱ्याची शस्त्रपूजा तुला आठवते ना? बाबांच्या कारखान्यात लेथ चालू करून त्यावर कुंकू वाहायचे. बंद यंत्राची पूजा म्हणजे झोपलेल्या माणसाला ओवाळणं, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आपल्या स्कूटरलासुद्धा सुरू केल्याशिवाय कधी हार घातला नाही त्यांनी. तर यंदा पाटावर पान्यांचा डबा, माझी विळी आणि ते विमान. हार घातला, पंखा काढलेला नव्हताच, आणि यांनी बॅटरी जोडली. मी म्हटलं, अहो, यशदीप काय सांगतो? तर म्हणाले, 'तू काहून घाबरून राहिली? दोन मिनिटांची तं पूजा. रिमोट माह्या हातात आहे नं.' मी वाकले, विमानाच्या नाकावर हळद लावली, मग अनामिकेने कुंकू लावायला गेले, आणि पंखा फिरला.

झेंडूच्या पाकळ्या पार भिंतीपर्यंत उडाल्या. पाटावर कुंकू किती आणि रक्त किती ते कळत नव्हतं. बाबांनी बॅटरी उपटली, माझा हात टॉवेलात गुंडाळला आणि मला रिक्षात घातलं. रिक्षातच त्यांनी पहिल्यांदा म्हटलं, 'तुया पदर लागला लिव्हरले.' म्हणजे रिमोटवरची ती दांडी, जी सरकली की पंखा फिरतो. डॉक्टरांना तेच सांगितलं, यशदीपला तेच, तुला फोनवर तेच. मीही हो म्हटलं. तू मला रागावलास, सणासुदीला पदर सांभाळता येत नाही का म्हणून, तेव्हाही मी हो म्हटलं.

तेव्हापासून घरात फार जपून चाललंय. विमानाचा पंखा काढून त्यांनी स्टीलच्या डब्यात घातला आणि डबा कपाटावर ठेवला. रविवारी मैदानावर जातात, पण यशदीप सांगत होता, अंकल आजकाल फक्त बघत बसतात, कुणी रिमोट पुढे केला तर ऊन लागतंय म्हणतात. शर्ट सोडून टीशर्ट घालायला लागलेत. चहा अर्धा कपच मागतात. मी काही विचारलं तर थंडी सुरू झाली म्हणतात. कोजागिरीची थंडी ती केवढी, तुला रायपूर माहीत आहे. डॉक्टरचं नाव काढलं की जेवणावरून उठून जातात. आणि तरी नातीला नाही म्हणवत नाही. 'पोट्टी इतक्या दुरून येऊन राहिली, तिले कसं नाही म्हणू,' असं परवा मलाच विचारत होते.

पुष्कर, माझा पदर त्या दिवशी कमरेला खोचलेला होता. सकाळपासून पुरणाशी झुंजत होते, पदर मोकळा कसा असेल? रिमोट त्यांच्या हातात, पोटाशी धरलेला होता आणि माझा हात तिथपर्यंत पोहोचलाही नसता. कुंकू लावताना मी सहज वर पाहिलं, तर त्यांचा डावा अंगठा लिव्हरवर आपोआप थरथरत होता. त्यांनीही तो पाहिला. त्याच वेळी पंखा फिरला. काल दुपारी मी झोपल्यासारखी पडले होते आणि दारातून दिसत होतं, हे बाहेर बंद रिमोट मांडीवर घेऊन बसलेले, लिव्हरवर अंगठा ठेवायचे, तो हलायला लागला की दुसऱ्या हाताने दाबून धरायचे, पुन्हा ठेवायचे. भाऊबीजेची तयारी करत होते रे. माझ्या बोटांचं त्यांना इतकं लागलंय की खरं मान्य केलं तर ते पुन्हा माझ्यासमोर उभे राहणार नाहीत, असं मला वाटतं. म्हणून मी पदराचं खोटं चालू ठेवलं. पण त्या पंख्यापुढे गंधाली उभी राहणार असेल तर मला हे खोटं झेपत नाही. तू त्या दोघींच्या आधी एकटा ये. नसांच्या डॉक्टरकडे त्यांना तूच नेऊ शकतोस, तुझ्यावर त्यांना चिडता येत नाही. मी सांगितलं असं कळू देऊ नकोस, चहा घेताना तुझ्याच डोळ्यांना दिसलं म्हण, दिसेलच. फोनवर यातलं काही बोलू नकोस. फक्त 'आई, मी आधी येतोय, कामासाठी' एवढंच म्हण. ते शेजारीच बसलेले असतील, आणि खूश होतील.

गेट वाजलं, आले वाटतं.

वाट पाहणारी,
तुझीच आई