एसीचं मी बघतो

३ एप्रिल, गुरुवार. सकाळी ८.
वरच्या मजल्यावरचा एसी बिघडला. वारा येतो, गारवा येत नाही. भाडेकरीण क्रांती सांगायला खाली आली होती. कंपनीचा माणूस बोलवू का म्हणाली. मी म्हटलं, मुळीच नाही, एसीचं मी बघतो. तेहतीस वर्षं आयटीआयत इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवला. निम्म्या कोल्हापूरचे वायरमन माझ्या हाताखालून गेलेत. त्यांच्यापैकीच एखादा येऊन माझ्या घरात मला शिकवणार, हे होणे नाही. क्रांतीच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. निदान ती मान हलवून वर गेली.
संकल्प: उद्या नऊला काम सुरू. साडेनऊला संपेल.

४ एप्रिल.
काम सुरू झालं नाही. टेस्टर सापडेना. सौ.नं तो डब्याचं झाकण उचकटायला नेला होता. अशा घरात शिस्त कशी राहायची?

६ एप्रिल, रविवार.
फिल्टर काढून धुतला. आता वारा दुपटीनं येतो. गरम आहे, पण दुपटीनं. पन्नास टक्के काम फत्ते.

८ एप्रिल. संध्याकाळी.
क्रांतीला कॉम्प्रेसरचं तत्त्व समजावून सांगितलं. चाळीस मिनिटं. ती घरूनच पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचं काम करते, त्यामुळे कानात हेडफोन होता, पण ऐकत होती. मधेमधे "येस, येस" म्हणत होती. ते मला की कंपनीला, हे नीट कळलं नाही.
वर फार उकडतं म्हणून दुपारी ती लेकीला आमच्याकडे ठेवून गेली. अंतरा, वय सव्वातीन. आमच्या कूलरसमोर गादी टाकली तर पाच मिनिटांत झोपली. उठल्यावर मला म्हणाली, "अज्जा, पाणी." हे लोक नेसरीचे. तिकडं आजोबाला अज्जा म्हणतात. आमचा नातू ऋतुराज पुण्याला असतो. व्हिडिओ कॉलवर मला "हाय" म्हणतो आणि फोन आईकडे देतो.
बाकी नोंद करण्यासारखं काही नाही.

१० एप्रिल.
अंतरा बारा ते पाच खाली. तिला शेंगदाणे मांडून सिरीज आणि पॅरलल जोडणी शिकवली. सिरीज तिनं खाल्ली. पॅरललचं तेवढं लक्षात राहिलं. हुशार आहे. तेहतीस वर्षांत इतका चौकस विद्यार्थी पाहिला नाही.
एसीकडे बघायला सवड झाली नाही.

१२ एप्रिल, शनिवार.
जोतिबाची यात्रा. आज गावात एकही मेकॅनिक मिळणार नाही. मी मेकॅनिक बोलावणार नव्हतोच, तरी नोंद असावी.

१४ एप्रिल, सोमवार.
सोमवारी फौंड्रीला सुट्टी, म्हणून क्रांतीचा नवरा शार्दूल घरी होता. तो खाली आला. मी त्याला सांगितलं की तू दिवसभर भट्टीपुढं उभा असतोस, तुला घरच्या उकाड्याचं काय वाटायचं? अकाट्य मुद्दा. तो म्हणाला, "मला चालतंय ओ काका. पोरीच्या पाठीवर घामोळं उठलंय."
मी मुलतानी माती सुचवली. आणि दुपारभर तर ती खालीच असते, मग घामोळं येतं कुठून, असंही विचारलं. तो म्हणाला, रात्री. उत्तर देणारच होतो, पण सौ.नं चहा आणला.

१६ एप्रिल.
निदान झालं. पीसीबी, म्हणजे आतलं सर्किट, गेलंय. न उघडताच ओळखलं, याला अनुभव म्हणतात. ऑनलाइन मागवला.

१९ एप्रिल, शनिवार.
क्रांतीनं लिफाफा दिला. आत टाइप केलेलं पत्र. तीन तारखेला तोंडी कळवलं होतं. करारातल्या नवव्या कलमाप्रमाणे घरासोबत दिलेल्या वस्तू चालू ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. पंधरा दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर कायद्याप्रमाणे आम्ही स्वतः करून घेऊ आणि खर्च भाड्यातून वळता करू. वगैरे.
लाल पेनानं तपासलं. मांडणी मुद्देसूद. शुद्धलेखन निर्दोष. डावीकडे समास सोडलेला नाही, त्याचा एक गुण कापला. दहापैकी साडेसात. खाली "छान" लिहून सही केली आणि वर नेऊन दिलं. नववं कलम मीच घातलेलं आहे, तेव्हा त्याचा कुणी उपयोग केला याचा आनंदच वाटला.
सौ. म्हणाली, "अहो, ती नोटीस हाय. तिला मार्क काय देता?"
नोटीस आहे हे मलाही कळतं. पण चांगल्या कामाचं कौतुक करायला नको का?

२१ एप्रिल.
पीसीबी आला. दुसऱ्याच मॉडेलचा आहे. हरकत नाही, थोडा फेरफार करून बसवता येईल.

२३ एप्रिल, बुधवार. संध्याकाळी ७.
फेरफार केला. दुपारी एक वाजता बटण दाबलं आणि वरच्या मजल्याची अख्खी लाइट गेली. पंखे, फ्रिज, सगळं.
क्रांती लॅपटॉप घेऊन खाली आली आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर काम करत बसली. अंतरा कूलरसमोर. सौ.नं थालीपिठं थापली. सहा वाजता शार्दूल आला, तोही तसाच हात धुऊन पानावर बसला. इतकी माणसं या टेबलाला कधी बसली होती, ते मी आणि सौ. दोघंही आठवत राहिलो. अंतरा माझ्याच ताटात जेवली. तिखट लागलं की माझ्या धोतराला तोंड पुसायची. एसी नसल्याचे काही फायदेही असतात, ते कायद्यात कुणी लिहीत नाही.
नंतर शार्दूलनं वर जाऊन माझा पीसीबी उपसून काढला, जुना परत बसवला आणि दहा मिनिटांत लाइट आणली. दहा मिनिटांत मीही आणली असती. जेवण चाललं होतं म्हणून थांबलो होतो.

२७ एप्रिल.
भाजी निवडता निवडता सौ. म्हणाली, "तुम्हांला तो एसी नीट व्हायलाच नको हाय." मी कारण विचारलं. ती म्हणाली, "कारण मला कशाला विचारता? मला तरी कुठं नीट व्हायला पायजे? पण पोरीची पाठ बघितली का?"
बिनबुडाचा आरोप. रंकाळ्यावर फिरायला गेलो. दोन फेऱ्या मारल्या. घामोळ्याची पावडर घेऊन आलो.
संकल्प: उद्या सकाळी एसी पुन्हा उघडायचा. नक्की.

२८ एप्रिल.
उद्या.

५ मे, सोमवार.
पंधरा दिवस काल भरले. आज सकाळी दहाला फाटकात मेकॅनिक हजर. पाहतो तर सम्राट! दोन हजार अकराची बॅच. प्रॅक्टिकलला मीच नापास केला होता. आता त्याची स्वतःची व्हॅन आहे आणि व्हॅनवर त्याचाच फोटो आहे. वाकून पाया पडला. मी आशीर्वाद दिला आणि फाटकाची कडी लावली. तपास अजून चालू आहे, केस माझ्या हातात आहे, असं स्पष्ट सांगितलं.
शार्दूल चिडून काहीतरी बोलणार होता. क्रांतीनं त्याला मागं घेतलं. कडीला हात लावून अगदी हळू म्हणाली, "काका, कायद्यानं हक्क हाय आमचा. पण तुमच्याशी भांडून घ्यायचा न्हाई आमाला."
सम्राटला तिनं परत पाठवलं. किती समजूतदार मुलगी! प्रकरण गोडीत मिटलं. कायदा कितीही असो, शेवटी माणुसकी मोठी, आणि ती कुठं वापरायची हे मला कळतं.

७ मे.
क्रांतीनं आणखी एक लिफाफा दिला. आभाराचं पत्र असणार. सवडीनं तपासू.
अंतरा आज खाली आली नाही. काल पण नाही. गादी टाकून ठेवली होती.

९ मे, शुक्रवार.
वर सामान सरकवल्याचे आवाज. उन्हाळी साफसफाई काढलेली दिसते. अंतरा आली नाही. सौ. स्वयंपाकघरात डोळे पुसत होती. विचारलं तर कांदा म्हणाली. आज घरात वांग्याची भाजी होती आणि कांदा कापलेला दिसला नाही, पण मी वाद घातला नाही.

११ मे, रविवार. सकाळी ११.
फाटकात टेम्पो लागला तेव्हा लिफाफा उघडला. आभार होते, पण शेवटच्या ओळीत. आधी घर सोडत असल्याचं होतं. कळंब्याला फ्लॅट मिळाला आहे. या वेळी समास सोडला होता. पेन काढला नाही.
सौ.नं अंतराची ओटी खाऊनं भरली. शार्दूल पाया पडला. मी म्हटलं, एवढ्यासाठी घर सोडतात का, मी बघतच होतो. तो म्हणाला, "व्हय काका, बघत हुता." यात टोमणा होता की नाही हे ठरवेपर्यंत तो टेम्पोत बसला.
अंतरा क्रांतीच्या मांडीवर. म्हणाली, "अज्जा, तू पण चल की." मी म्हटलं, येतो, एसीचं काम संपवून येतो.
आता हे लिहिताना दिसत नाही नीट. चष्म्याचा नंबर वाढला असावा.

१५ मे, गुरुवार.
सौ.नं मला न विचारता सम्राटला फोन केला. मी कडी काढली. तो गॅलरीत गेला, बाहेरचं युनिट उघडलं, पाच मिनिटं मीटर लावला, नवा कॅपॅसिटर बसवला. एकूण वीस मिनिटं. मी बॅटरी धरून उभा होतो. एकदा विचारलं, एवढं लवकर कसं कळलं?
तो म्हणाला, "सर, तुमीच शिकिवलंत की. पंखा फिरतोय आणि कॉम्प्रेसर उठत न्हाई, तर आधी कॅपॅसिटर बघायचा. पयल्याच तासाला." मग हत्यारं भरता भरता थांबला. "तुमाला ठाऊक हुतंच न्हवं, सर?"
बॅटरीचे सेल संपत आले होते. ती बंद केली.

दुपारी ३.
वरच्या खोलीत बसलोय. जमिनीवर, कारण सामान नाही. अठरावर लावलाय, चांगलंच गार होतं. सौ.ला हाक मारली. मला खाली उकडत नाही म्हणाली.
क्रांतीला फोन केला. एसी चालू झाला म्हणून सांगितलं. बरं झालं काका, म्हणाली. तिकडं काही अडचण असेल तर खोली रिकामीच आहे, असंही मी सहज बोलून गेलो. ती म्हणाली, इथं सगळं ठीक आहे.
अंतरा झोपली होती. उठवू का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, नको, झोपू दे, गार आहे ना तिथं?
हो काका, गार आहे, म्हणाली.