काप मिटेपर्यंत घ्यायचे नाव

सर्वप्रथम या बॉलपेनबद्दलची माझी तक्रार नोंदवून घ्यावी. मृत्युपत्र स्वतःच्या हातानेच लिहा, असे नोटरीबाईंनी बजावले आणि वर स्वतःचे नाव छापलेले हे पेन फुकट दिले. ते दोन शब्द लिहिते, तिसऱ्याला कोरडे पडते आणि चौथ्याला शाईचा गोळा ओकते. जिने उभा जन्म केसाएवढ्या पांढऱ्या रेषा ओढण्यात घालवला, तिच्या अखेरच्या इच्छेवर असे डाग पडावेत, ही बाब गंभीर आहे. वारसांनी डागांचा अर्थ लावत बसू नये. ते अश्रू नाहीत.

तर मी, द्राहोमीरा स्कालोवा, वय पंचावन्न, राहणार डोल्नी ओल्शनी, पार्दुबित्से शहराच्या अलीकडे, धंदा मधाची बिस्किटे भाजणे व त्यांवर आयसिंगची नक्षी काढणे, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. पोटात एक गाठ आहे. उद्या सकाळी दवाखान्यात भरती व्हायचे आणि मंगळवारी ती काढायची. गाठीचा डोक्याशी संबंध नाही, हे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. असलाच तर पलीकडच्या खोलीतल्या वाडग्याचा आहे. तिथे माझी मुलगी झ्दिस्लावा आयसिंग घोटते आहे आणि मला दर ओळीला उठून बघावेसे वाटते.

एक. राहते घर, बँकेतली शिल्लक आणि तळघरातले लोणच्याचे डबे झ्दिस्लावाला. शिल्लकेतून आधी धुराडे दुरुस्त करावे, मग माझे दफन. धुराडे थांबणार नाही, मी थांबेन.

दोन. अंगणातली भट्टी, कामाची खोली, लाटणी, साचे, गिऱ्हाइके. हे कलम तूर्त रिकामे ठेवते.

कारण असे. गावातल्या एका गृहस्थांना ही जागा विकत हवी आहे. सायकलवरून फिरणाऱ्या पाहुण्यांसाठी ते इथे खोल्या काढणार आहेत. मी त्यांना हो म्हटलेले नाही, नाहीही म्हटलेले नाही. झ्दिस्लावा रेल्वेच्या कचेरीतली नोकरी सोडून माझ्याकडे आली, ती भट्टी चालवायची म्हणून. कणीक उत्तम मळते. भाजते माझ्याहून चांगले. पण तिचे आयसिंग वाहते. हृदयाच्या आकाराच्या बिस्किटाच्या कडेवरून ओघळून ताटात तळे होते. नाताळची हृदये कधीच सांगून ठेवलेली आहेत, प्रत्येकावर कोणाचे तरी नाव घालायचे आहे, आणि वाहत्या साखरेत नाव लिहिले तर मार्केताची मगर होते. आज रविवार. आज तिला जमले तर भट्टी तिची. नाही जमले तर खोल्या आणि सायकली.

(उठून बघून आले. वाडग्यावर ओले फडके घातलेले नव्हते. घातले.)

तीन. शेजारी ओताकार म्लेयनेक या मृत्युपत्राचे साक्षीदार असल्याने त्यांना काही ठेवता येत नाही, असे नोटरीबाई म्हणतात. त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. मी ठेवणारही नव्हते. त्यांच्या कोंबड्या अंडी मोठी देतात हे मान्य, पण मोठ्या अंड्यात पांढरे जास्त, म्हणून साखरही जास्त लागते, हे मी त्यांना अनेकदा सांगितले आणि त्यांनी दर वेळी ती कोंबडीची स्तुती समजली.

चार. माझी विद्या. ही झ्दिस्लावाला आधीच दिलेली आहे, तरी कागदावर असावी. पिठीसाखर बारीक चाळणीतून दोनदा गाळावी. अंड्याच्या पांढऱ्यात थोडी थोडी घालत लाकडी चमच्याने घोटावी, मारू नये. मारली की हवा शिरते आणि रेषा अध्येमध्ये फुटते. लिंबाचे थेंब शेवटी, आणि पाऊस असेल त्या दिवशी हात आखडून. काठाच्या रेषेसाठी घट्ट हवी. चमचा उचलल्यावर टोक उभे राहावे आणि फक्त नाक खाली घालावे, पाद्रीबुवांसमोरच्या नवरीसारखे. आत भरायची मात्र सैल हवी. किती सैल, यावरच सगळे अडते.

आमच्या घरात ते सुरीने बघतात. वाडग्यातल्या साखरेवर सुरीने एक काप द्यायचा आणि आपला ज्याच्यावर राग आहे त्याचे पूर्ण नाव घ्यायचे, आडनावासकट. नाव संपताना काप मिटला पाहिजे. आधीच मिटला तर साखर पातळ, नंतरही दिसत राहिला तर घट्ट. नवीन लग्न होऊन आले तेव्हा मी सासूबाईंना विचारले होते की घड्याळ का लावत नाही. त्या म्हणाल्या, "घड्याळाला राग येतो का गं?" रागावलेला माणूस नाव सावकाश घेतो, एकेक अक्षर चावून. तोच वेग लागतो. त्या स्वतः कोणाचे नाव घेत ते मला पुढे बऱ्याच वर्षांनी कळले. माझेच घेत. साखर मात्र अप्रतिम होत असे.

पाच. माझा राग. माझी नणंद बोहदाना श्कोपकोवा हिचे नाव मी आजवर वापरले. सासूबाई गेल्या तेव्हा पेअरच्या लाकडाचे जुने कोरीव साचे तिने प्रागला नेले आणि दिवाणखान्यात टीव्हीच्या वर टांगले. पाहुणे आले की सांगते, आमच्या घराण्याची परंपरा. घराण्याची परंपरा भिंतीवर धूळ खाते आणि मी इथे पत्र्याच्या साच्यांनी हृदये कापते. साचे मी परत मागत नाही. फक्त वर्षातून एकदा तिने ते उतरवून अक्रोडाच्या तेलाने पुसावेत, नाहीतर लाकूड फुटेल. हा राग झ्दिस्लावाला द्यायचा माझा विचार होता, पण तिला तो पेलत नाही. दर रविवारी ती बोहदानाआत्याला फोन करून गुडघ्यांची चौकशी करते.

मुळात तिचा कोणावरच राग नाही, हीच अडचण आहे. टेबलाला धक्का लागला तर टेबलाला सॉरी म्हणते. काप देऊन कोणाचे नाव घ्यायचे म्हटले की शरमेने भरभर उरकते. एवढ्यात काप मिटत नाही, मग ती लिंबू घालते, पुन्हा भरभर नाव, पुन्हा लिंबू, आणि साखर वाहायला लागते. मी तिला निरनिराळी माणसे सुचवली. कचेरीतला साहेब, सोडून गेलेला तो दाढीवाला, नगराध्यक्ष. म्हणाली, "जाऊ दे ना आई, त्यांचंही काही असेल."

(पलीकडे चमच्याचा आवाज थांबला आहे. बराच वेळ झाला. उठते.)

सहा. आत्ता जे झाले ते लिहिते, कारण दुसरे कलम त्यावर अवलंबून आहे.

ताटांत ओळीने हृदये होती. काठाची रेषा, आत साखर, रेषेला अगदी चिकटून, आणि एक थेंबही बाहेर नाही. वर अशी सपाट की खिडकी दिसत होती. मी दोन ताटे हलवून पाहिली, काही तरी चूक सापडेल म्हणून. नाही सापडली. मग विचारले, कोणाचे नाव घेतलेस?

तिने वर पाहिले नाही. आयसिंगच्या कागदी कोनाचे टोक पुसत म्हणाली, "द्राहोमीरा स्कालोवा."

मी म्हटले, ती मी आहे.

"हो ना. पूर्ण नाव, आडनावासकट. सकाळपासून घेतेय." आणि मग, तशीच सावकाश, एकेक शब्द चावून: "तुझ्या गाठीचं ओताकारकाकांना माहीत होतं. शेजारच्या व्लास्तामावशींना माहीत होतं. नोटरीला माहीत होतं. मला तू चांगला जाड कागद आण म्हणून दुकानात पाठवलंस, आई. कशाला हवाय ते नाही सांगितलंस. काल काकांनी अंडी देताना सांगितलं."

मी म्हटले, तुला त्रास नको म्हणून.

"साखर जमली. आज सकाळी काय ठरलं होतं? जमली तर उद्या दवाखान्यात मी नेणार. हो म्हणाली होतीस."

म्हणाले होते खरी. जमणार नाही या भरवशावर म्हणाले होते. माझा बेत सहाच्या बसने एकटीने जायचा होता; तिकीट काढलेले आहे, पिशवी भरून दाराशी आहे. मी तिला म्हटले, साखरेवर फडके घाल, कातडी धरेल. तिने घातले. मी इकडे येऊन बसले आणि मघापासून या पेनशी झगडते आहे.

तर कलम दोन आता भरते. भट्टी, कामाची खोली, लाटणी, पत्र्याचे साचे, गिऱ्हाइके आणि त्यांची नखरेल नावे, सर्व झ्दिस्लावा स्कालोवा हिला. खोल्या काढणाऱ्या गृहस्थांना माझा नकार कळवावा, गोड शब्दांत कळवायची गरज नाही. साखरेसाठी माझे नाव वापरण्यास तिला कायमची परवानगी आहे. मी परत आले तरी, न आले तरी. पुढेमागे माझ्यावरचा राग ओसरला, तर आत्याचे नाव राखीव आहे. वापरून वापरून गुळगुळीत झाले आहे, पण चालते.

याआधी मी कोठे काही लिहून ठेवले असल्यास ते रद्द समजावे. हे सर्व माझ्याच हातचे आहे. डाग तेवढे नोटरीबाईंचे.

सही: द्राहोमीरा स्कालोवा
स्थळ: डोल्नी ओल्शनी, स्वयंपाकघर
दिनांक: रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

आमच्यासमोर सही केली:
ओताकार म्लेयनेक, शेजारी, निवृत्त पोस्टमन
व्लास्ता नेमेचकोवा, शेजारीण

सह्या झाल्यावर साक्षीदारांच्या माहितीसाठी: बसचे तिकीट चुलीत घातले. पिशवी झ्दिस्लावाच्या गाडीत मागच्या सीटवर नेऊन ठेवली आहे. तिला सांगितलेले नाही. सकाळी दार उघडेल तेव्हा दिसेल.