गुरुवारचा भाऊ

॥ श्री करणीजी सहाय ॥

खारियासर स्टेशन,
१० जानेवारी १९८५

चि. हिंगळाजदान यास सायरजीजीचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

इकडे सर्व क्षेम. तुझी क्षेमखुशाली कळायला मार्ग नाही, कारण तू दर गुरुवारी सकाळी माझ्या दारावरून जातोस पण थांबत नाहीस. आजही तुमची ती गोऱ्या पाहुण्यांची मरुराणी गाडी धूर सोडत गेली. खिडकीत लाल फेटा दिसला म्हणून मी बाजरीच्या सोगऱ्याचं पीठ लागलेला हात हलवला. तो दुसराच कुणी मिशाळ निघाला. शेजारच्या खिडकीतून दोन गोऱ्यांनी माझा फोटो मात्र काढला. चार वर्षांत भावाचं तोंड दिसलं नाही, पण माझं तोंड विलायतेला पोचलं.

बातमी अशी की आपल्या धाकट्या मोहरचं लग्न ठरलं. फुलेरा दूज, २१ फेब्रुवारी. त्या दिवशी मुहूर्त बघावा लागत नाही, म्हणून विहीणबाईंनीच तो धरला. बाई बोलायला तिखट आहेत. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, की मोहरला मामा आहे की नाही.

त्यांचं काय चुकलं? थोरलीच्या लग्नात मामाने स्वतः आणायचा कपड्यांचा मायरा तू पोस्टाने पाठवलास. मी आरतीचं ताट घेऊन दारात उभी, आणि समोर भोमाराम पोस्टमन पार्सल घेऊन. बायकांनी भावाची गाणी सुरू केलेली, ती थांबवायची कशी? शेवटी त्यालाच टिळा लावला. आजही तो मला बाईसा म्हणतो आणि राखीपौर्णिमेला जेवून जातो.

या खेपेला पोस्टमनला टिळा लावणार नाही. आई-बाप गेल्यावर तुला मी वाढवलं ते कपड्यांच्या गठ्ठ्यासाठी नव्हे. तू स्वतः ये.

तुझे जीजासा आपल्या स्टेशनमास्तरकीत ठीक आहेत. हे पत्र धावत्या गाडीला देतात त्या टोकनच्या कडीला बांधून तुमच्या ड्रायव्हरच्या हाती द्या म्हटलं, तर म्हणाले कडी सरकारी आहे. म्हणून पोस्टाने दिल्लीला पाठवते. तिथून ते तुझ्याबरोबर पुन्हा माझ्याच दारावरून जाईल.

वाट पाहणारी,
सायरजीजी

---

दिल्ली,
२१ जानेवारी १९८५

ती. जीजीच्या चरणी हिंगळाजदानचा शि. सा. न. आणि खम्मा घणी, वि. वि.

पत्र वाचून आनंद झाला. लगेच रजेचा अर्ज घेऊन आमचे मॅनेजर मेडतिया साहेबांकडे गेलो. फौजेतून मेजर होऊन निवृत्त झालेले. त्यांच्या टेबलावर आधीच अकरा अर्ज होते, सगळे फुलेरा दूजचे. कुणाची बहीण, कुणाचा मेव्हणा, एकाचं तर स्वतःचंच लग्न. साहेब म्हणाले, की अख्ख्या राजस्थानाने एकाच दिवशी बोहल्यावर चढायचं ठरवलं तर गोऱ्यांना चहा कोण देईल? स्वतःचं लग्न असलेल्याला तेवढी रजा मिळाली, तीसुद्धा पत्रिका बघून.

जीजी, तू समजतेस मी राजवाड्यात मजा मारतो. मी गोऱ्यांची अंथरुणं घालतो. प्रत्येकाला सकाळी साडेसहाला खम्मा घणी म्हणून चहा देतो. खारियासर येतं तेव्हा नाश्ता चालू असतो. मी दोन्ही हातांत ताटल्या घेऊन उलट्या बाजूला तोंड करून उभा असतो. स्टेशन गेलं हे मला रुळांच्या आवाजावरून कळतं.

एक उपाय सुचतो. मायऱ्याची गाठोडी मी धावत्या गाडीतून फलाटावर टाकीन. नेम चांगला आहे, लहानपणी बोरं पाडायचो ते तुला ठाऊक आहेच. नाहीतर जीजासांना विचारून बघ, त्या दिवशी सिग्नल दोन मिनिटं लाल राहिला तर कुणाचं काय जातं?

जीजासांना मुजरा, मोहरला लाड. राग आवरशील अशी आशा ठेवणारा,
हिंगळाजदान

---

खारियासर स्टेशन,
२७ जानेवारी १९८५

चि. हिंगळाजदान यास आशीर्वाद. अनेक नाहीत, एकच.

मायरा म्हणजे काय वर्तमानपत्र आहे, जाता जाता फेकायला? आणि बोरांचं नको सांगूस. तू फेकलेला दगड चौधरींच्या म्हशीला लागला होता आणि शिव्या मी खाल्ल्या होत्या.

सिग्नलची गोष्ट जीजासांना मी बोलून गेले. त्यांनी तोंडातला घास तसाच ठेवला. मग म्हणाले, की बावीस वर्षांत या स्टेशनात विनाकारण लाल दिवा लागलेला नाही, आणि बायकोच्या भावासाठी लावणारा स्टेशनमास्तर घरी बसवावा. दोन दिवस माझ्याशी नियमापुरतंच बोलत होते. मिठाच्या बरणीची जागा विचारायचे, बस.

विहीणबाई १४ तारखेला दागिने बघायला येणार आहेत. त्यांना काय सांगू? मामा दर आठवड्याला येतो, फक्त उतरत नाही?

फेकणारच असशील तर आधी एखादं गाठोडं टाकून बघ. निदान तू मला पांघरायच्या चुनडीवर इंजिनाचं चाक फिरायला नको. ही परवानगी नव्हे, हा वैताग आहे, हे लक्षात ठेव.

तुझीच,
जीजी

---

खारियासर स्टेशन,
१४ फेब्रुवारी १९८५

चि. हिंगळाजदान यास,

आशीर्वाद नंतर. आधी वाच.

आज सकाळी गाडी गेली आणि मोर काढलेली पांढरी खोळ फलाटावर येऊन पडली. नेम अचूक, पाण्याच्या टाकीपाशी. विहीणबाई नुकत्याच आल्या होत्या. मायऱ्यात विहिणीचाही पोशाख असतो, म्हणून मी गर्वाने म्हटलं, की भावाने तुमच्यासाठी पोशाख पाठवला आहे, तुम्हीच गाठ सोडा. त्यांनी सोडली.

आत एक लोकरी विजार निघाली, घोट्यापर्यंत लांब. चार पायमोजे, सगळे वेगवेगळ्या रंगांचे. अस्वलांची चित्रं असलेला झोपायचा झगा. आणि दोन वाट्या जोडलेलं एक वस्त्र. विहीणबाईंनी ते उजेडात धरून विचारलं, की ही घाण्याच्या उंटाच्या डोळ्यांवर बांधायची झापड का? मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

जाताना त्या दारात थांबून म्हणाल्या, की आमच्या गावात मायरा भाऊ आणतो, तुमच्याकडे वारा आणतो असं दिसतं. सगळ्या बायका हसल्या. मीही हसले.

जीजासांनी सर्व वस्तू हरवलेल्या मालाच्या नोंदवहीत लिहिल्या आहेत. झापडेपाशी बराच वेळ लेखणी थांबली. शेवटी 'उपयोग अज्ञात' असं लिहिलं.

हिंगू, आता काही टाकू नकोस. काही पाठवूही नकोस. मी ताट घेऊन उभीच राहणार नाही. प्रश्नच मिटला.

सायर

---

जोधपूर,
१५ फेब्रुवारी १९८५

ती. जीजीच्या चरणी शि. सा. न.

तुझं पत्र आलेलं नाही, पण काय असेल ते मला कळलं आहे. काल तू म्हटल्याप्रमाणे एक गाठोडं टाकून बघायला गेलो आणि घात झाला. विहीणबाईंचा पोशाख आणि एका पाहुणीचे धुवून आलेले कपडे, दोन्ही सारख्याच खोळींत होते. मी टाकली ती धुण्याची खोळ. आणि पोशाखाची खोळ माझ्या सोबत्याने धुण्याची समजून मिस पेनरोझ यांच्या पलंगावर नेऊन ठेवली.

या मिस पेनरोझ सत्तरीच्या इंग्रज बाई. चाळीस वर्षं मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. गाडीच्या लागोपाठ दोन फेऱ्या करताहेत. पहिली बघायला आणि दुसरी समजायला, असं म्हणतात. त्यांना वाटलं पोशाख रेल्वेकडून भेट आहे. काल जेसलमेरला वाळूवर जेवणं होती, तिथे त्या विहीणबाईंचा घागरा, कुर्ती आणि ओढणी लेवून आल्या. छातीवरची कांचळी त्यांनी टोपीसारखी डोक्याला बांधली होती. मांगणियार गायक गाता गाता थांबले.

मी पाय धरून खरं सांगून टाकलं. तू, मोहर, पोस्टमन, दर गुरुवार, सगळंच. मोडक्या इंग्रजीत सांगायला अर्धा तास लागला. त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाल्या, की ज्या बाईंचा हा पोशाख आहे त्यांना तो त्या स्वतःच्या हातांनी देतील. मी सांगितलं, गाडी तिथे थांबत नाही. त्या म्हणाल्या, की वेळापत्रक कुणीतरी माणसानेच लिहिलेलं असतं.

मेडतिया साहेबांनी मात्र ताकीद दिली आहे. आणखी एक चूक झाली की फेटा उतरवून घरी जायचं. जीजी, मला येता येणार नाही. तुझी चुनडी माझ्या पेटीत आहे. तिला हात लावायचीही लाज वाटते.

क्षमेला पात्र नसलेला,
हिंगळाजदान

---

खारियासर स्टेशन,
१८ फेब्रुवारी १९८५
(जोधपूर स्टेशनवर बुधवारी मिळावे)

चि. हिंगळाजदान यांस जोगीदान, स्टेशनमास्तर, यांचे आशीर्वाद, वि. वि.

मी पत्रे लिहीत नाही हे तुम्हांस ठाऊक आहे. कारण घडले म्हणून लिहितो.

तुमचे १५ तारखेचे पत्र परवा पोचले. आपल्या जीजींनी ते वाचले, घडी करून कोनाड्यात ठेवले आणि दळायला बसल्या. त्या मला टाकून बोलल्या नाहीत. तुम्हांलाही बोलल्या नाहीत. चुलीला, शेळीला, कुणालाच बोलल्या नाहीत. बावीस वर्षांच्या संसारात असे प्रथमच घडत आहे. घरात अपघात झाल्यासारखी शांतता आहे.

लाल दिवा विनाकारण लागणार नाही. परंतु गुरुवारी तुमची गाडी आणि जेसलमेरकडून येणारी मालगाडी यांची गाठ पुढच्या स्टेशनात पडते. ती खारियासरलाही पडू शकते, लाइन येथेही दोन आहेत. ते कंट्रोलर साहेबांच्या हाती असते. मी काल फोन उचलून त्यांना विनंती केली. ते म्हणाले, की जोगीदानजी, बावीस वर्षांत तुम्ही काही मागितले नाहीत, मला वाटायचे तुमचा फोन एकाच बाजूने चालतो.

गाडी आमच्याकडे सुमारे वीस मिनिटे उभी राहील. सर्व नियमानुसार आहे. तुम्ही उतरावे की नाही हा तुमच्या खात्याचा प्रश्न.

जीजींना सांगितलेले नाही. मालगाडी चुकली तर त्यांना दुसऱ्यांदा उभे करण्याची माझी हिंमत नाही.

आपला,
जोगीदान

---

जोधपूर,
२२ फेब्रुवारी १९८५

ती. जीजीच्या चरणी शि. सा. न., वि. वि.

मोहर सुखरूप सासरी पोचली असेल. काल तुला फलाटावरून जे दिसलं नाही ते सांगतो.

गाडी थांबली तेव्हा मेडतिया साहेबांनी डब्याडब्यात येऊन सांगितलं, की हा थांबा कार्यक्रमात नाही, कुणीही उतरायचं नाही. मी ताटल्या हातात घेऊन दाराशी उभा. तुझं घर शंभर पावलांवर, चूल दिसत होती, आणि पाय उचलत नव्हता. फेटा गेला तर पुढच्या महिन्यापासून खायचं काय, हेही मनात होतं. खोटं कशाला सांगू?

तेवढ्यात मिस पेनरोझ खोळ काखेत घेऊन उठल्या आणि खाली उतरल्या. परवानगी मागितली नाही. फलाटावर उभं राहून त्यांनी दोन टाळ्या वाजवल्या. जीजी, छत्तीस गोरे अर्धा नाश्ता टाकून उतरले आणि दोन-दोनच्या रांगेत उभे राहिले. त्यांत एक जर्मन जज्जसाहेबही होते.

साहेब लालबुंद झाले. मिस पेनरोझ यांनी त्यांना विचारलं, की पाहुणे उतरले तर सेवकाने सोबत असावं असा नियम आहे ना? साहेबांनी मिशीवरून हात फिरवला. आहे म्हणाले. मग माझ्याकडे वळून ओरडले, की हिंगळाजदान, बघतोस काय, पाहुण्यांबरोबर जा! आणि हलक्या आवाजात म्हणाले, की रिकाम्या हाताने जाणार आहेस का? चुनडी घे.

नाश्त्याच्या चांदीच्या ताटांवर त्यांनीच कपडे मांडून दिले. गाडीतल्या मांगणियारांनाही त्यांनीच पुढे काढलं. साहेब आता म्हणतात, की हा कार्यक्रम दर फेरीला ठेवता येईल का? मी म्हटलं, हुकुम, भाच्या दोनच होत्या.

फेटा डोक्यावर शाबूत असलेला,
तुझा हिंगू

---

खारियासर स्टेशन,
२५ फेब्रुवारी १९८५

चि. हिंगळाजदान यास जीजीचे अनेक, अनेक आशीर्वाद.

मोहर सुखात आहे. विहीणबाई तर जमिनीवर नाहीत. गोऱ्या बाईंनी दोन्ही हातांनी पोशाख दिला आणि वाकून नमस्कार केला, हे त्या आता गावोगाव सांगत फिरतात. परवा निरोप आला, की बाकी विहिणींना भावांचे मायरे येतात, त्यांच्याकडे विलायत चालून आली. वाऱ्याचं नाव नाही. मिस पेनरोझ यांचे कपडे जीजासांनी सही घेऊन परत केले. त्या 'उपयोग अज्ञात' वस्तूपाशी बाईंनी स्वतःच लेखणी घेऊन काहीतरी इंग्रजीत लिहिलं. जीजासांनी ते वाचलं आणि वही मिटून टाकली. अर्थ सांगत नाहीत.

वीस मिनिटांची मालगाडी पन्नास मिनिटांनी आली. तिचा ड्रायव्हरही वाटेत कुणाच्या तरी मायऱ्याला उतरला असावा. जर्मन जज्जांनी चार वेळा लापशी घेतली. एक बाई केर-सांगरीचं तोंडी लावणं हातरुमालात बांधून घेऊन गेली.

एकाच माणसाने काही पाहिलं नाही. तुझे जीजासा. दारी एवढी मिरवणूक आली आणि ते हातात घड्याळ घेऊन टोकनच्या यंत्रापाशी उभे. म्हणे दोन गाड्या स्टेशनात असताना मास्तर जागा सोडत नाही. त्यानंतर तीन वेळा माझ्याकडून सगळं ऐकलं. चुनडी तू कोणत्या खांद्यावरून पांघरलीस तेसुद्धा. त्यांनी फोन केल्याचं मला तुला लिहिलेल्या पत्राच्या, कोनाड्यात सापडलेल्या कच्च्या कागदावरून कळलं. आज त्यांच्या सोगऱ्यावर लोण्याचा गोळा दुप्पट आहे. कारण विचारत नाहीत, खाताहेत.

आता माझं. टिळा लावताना तू फेटा मागे सरकवलास, तेव्हा कानापाशी पांढरे केस दिसले. मी चार वर्षं भांडत होते ते काळ्या केसांच्या पोराशी. ते पोर कधी गेलं? बायका गात होत्या म्हणून बरं झालं, माझं रडणं गाण्यात खपलं. तुझं नाही खपलं. सगळ्यांनी पाहिलं.

एवढं बोलायचं साठवून ठेवलं होतं. कोणत्या शब्दाने सुरुवात करायची तेसुद्धा ठरलं होतं. आणि तू समोर आलास तर मी काय विचारलं? जेवलास का. तू हो म्हणालास. खोटं बोललास. साडेसहापासून तू दुसऱ्यांनाच वाढत होतास, मला काय कळत नाही?

गाडी सुटली आणि आठवलं, की माझं भांडायचं राहूनच गेलं. आषाढात तुमची मरुराणी बंद असते. साध्या गाडीने ये. ती इथे थांबते. रिकाम्या हाताने ये, आठ दिवस राहा आणि रोज थोडं थोडं भांडून घे.

लोभाचं काही लिहीत नाही. तो तू पन्नास मिनिटं पाहिलास.

तुझी,
सायरजीजी