बीजगणितात राहिलेला कोच

तीर्थस्वरूप लोरीन आत्यास,

टोपी काढून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? कोंबड्या अंडी देताहेत ना? आम्ही सुखरूप आहोत असं लिहायला बसणार होतो, पण बसवतच नाही. हे पत्र उभ्याने, मधूनमधून येरझाऱ्या घालत लिहितोय. (अक्षर त्यामुळे असं आलंय. एरवीही असंच असतं म्हणा.)

आमच्या कॉलेजच्या बेसबॉलची दशा काय सांगू! पोरं एकतीस, शिष्यवृत्त्या नऊ. त्यांचे इतके तुकडे पाडलेत की एकाच्या वाट्याला नुसती पुस्तकं आली, तीही वर्षअखेरीस परत करायची. माणसं म्हणशील तर मी आणि ग्रब. ग्रब पोरांना चेंडू टाकायला शिकवतो, बस चालवतो आणि सकाळी शववाहिनीवर असतो, त्यामुळे आमची बस भर दुपारीही अंत्ययात्रेतल्या गाडीसारखी दिवे लावून सावकाश जाते. पैसे जमवायला शनिवारी चर्चच्या आवारात भाजलेलं मांस विकायला ठेवलं, तर निम्मं संघानेच खाल्लं.

तरी चाललं होतं. हंगामाच्या सुरुवातीला मी संघाच्या खोलीच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं, जो नापास तो मैदानाबाहेर. त्याच आठवड्यात डीन हॉलिसबाईंनी सगळ्यांची कागदपत्रं उपसली आणि माझी पदवीच पुरी नाही असं निघालं. बीजगणित राहिलंय, बावीस वर्षं! मे महिन्याच्या आत पास व्हा, नाहीतर नोकरी सोडा, असं बाईंनी गोड हसून सांगितलं. झालं, मी पहिल्या वर्षाच्या वर्गात, आणि शेजारी आमचाच कॅचर ओडेल. चाचणीत त्याला एक्क्याऐंशी, मला चौतीस. (पेपर वाटायला वर्गावरच्या बाईंनी त्यालाच उठवलं.)

मंगळवारी सामन्याला निघालो तर ओडेल त्याच दारात उभा.

"कोच, नियम तुमचाच आहे. वर प्रेक्षकांत जाऊन बसा."

"अरे, मी कोच आहे!"

"म्हणून तर प्रेमानं सांगतोय. उगाच तमाशा नको."

ग्रब लेकाचा बुटाच्या नाड्या बांधत बसला. नऊ डाव मी निखाऱ्यावर बसल्यासारखे काढले. तीनदा खारे दाणे आणायला उठलो, चौथ्यांदा शेजारच्या बाईने स्वतःच आणून दिले आणि म्हणाली, "आता बस रे बाबा!" आपण जिंकलो. आत्या, खरं सांगतो, फार वाईट वाटलं.

गुडघ्याला जप.

तुझा भाचा,
रॉइस

ता. क. परीक्षा पुढच्या शुक्रवारी आहे. तू याच कॉलेजात चाळीस वर्षं हाच विषय शिकवलास. रविवारी येऊन मला शिकवशील? ग्रब बस घेऊन येईल. (त्याला दिवे बंद ठेवायला सांगतो.)

पुन्हा ता. क. बावीस वर्षांपूर्वी तू मला बीजगणितात डूख धरून नापास केलंस असं मी आईला सांगितलं, आणि तिने तुझ्याशी बोलणं टाकलं. मी तर पेपरला आलोच नव्हतो, सामना खेळायला गेलो होतो. तुला ठाऊक होतं, तरी इतकी वर्षं तू चकार शब्द काढला नाहीस. काल आईला सगळं सांगितलं. ती माझ्याशी बोलत नाही. तू तिच्या हातचा पीचचा केक अजून खाशील का, एवढं मात्र विचारायला सांगितलंय.