एका दमात

बनशंकरी, बेंगळूर
८ फेब्रुवारी २०२५

चि. संग्राम यास जमनाआत्याचे आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. तुझ्या बाबांचा, म्हणजे आमच्या अण्णाचा, गुडघा कुरकुरतो, पण जीभ शाबूत आहे. अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा संपत आल्या. तुझ्या वाटच्या मीच खाल्ल्या.

फोन करत नाही, कारण दोन वाक्यांत मला खोकला येतो, नि तो ऐकला की तू "माझ्यामुळे झालं, आत्या" म्हणून फोन ठेवतोस. म्हणून हे पत्र तुझ्या मित्राच्या, प्रणीतच्या हाती देतेय. तुझं यशवंतपूर याच गावात, काही काशी-रामेश्वर नाही, पण दोन महिने झाले, तुला घरची वाट सापडेना.

व्यायाम शिकवायला आश्लेषा नावाची फिजिओथेरपिस्ट येते. पोरगी गोड, पण सोडत नाही. तिने नळीचं, तीन गोळ्यांचं एक प्लास्टिकचं यंत्र दिलं. मी जोर लावून फुंकलं. ती म्हणाली, "अक्का, फुंकायचं नाही, ओढायचं. स्वल्प हळू." सरी, बरं बाई, म्हणून ओढलं. दोन गोळ्या वर जातात, तिसरी बसल्या जागी ढिम्म. मग ओठांचा चंबू करून श्वास हळूहळू सोडायचा, गरम दुधावर फुंकर घालतो तसा. ते मला कुणी शिकवायला नको. तुझी आई गेल्यावर तुझं दूध कोण निववत होतं?

बरी आहे मी. म्हणजे, जिना चढताना मध्येच बसावं लागतं. डॉक्टर म्हणतात, धुराने फुफ्फुसं पोळलीत, पूर्वीसारखी होतीलच असं नाही. व्यायामाने बराच दम परत येईल. तुझ्यापासून लपवून काय करू?

आता ऐक. स्कूटर तू जिन्याखाली चार्जिंगला लावलीस, खरं. बॅटरी पेटली, तेही खरं. पण दुपारची झोपलेली मी, मला त्या धुरातून पाठुंगळी घेऊन गच्चीवर कुणी नेलं? ते मात्र कुणाला सांगत नाहीस. अर्धंच खरं सांगणारा मोठा शहाणा! मला राग आला होता रे, तुझाच आला होता. तो कधीच संपला. आता आहे तो तू येत नाहीस याचा.

जिन्याखालची भिंत अजून काळी आहे. अण्णा रंगारी बोलावत होता, मी बोलावू दिला नाही. ती तूच पांढरी करायचीस. रंगाचा वास मला सोसत नाही, चुना आण.

आणखी एक. आश्लेषा म्हणते, एका दमात एक पूर्ण वाक्य म्हणायचं, कुठलंही. मी एकच धरून ठेवलंय. रोज अर्ध्यावर तुटायचं. काल शेवटापर्यंत गेलं, तेही मोठ्याने. अण्णा दुखरा गुडघा विसरून दाराकडे धावला. त्याला वाटलं, तू आलास.

वाक्य असं:

"संग्राम, हातपाय धू, पान वाढलंय."

तुझी,
जमनाआत्या